चाळीस पाहुणे आणि एक श्वास

मागणी घालायला चाळीस माणसं येणार होती, म्हणून लफ्ताने सकाळी सातलाच घरात फर्मान काढलं: पाहुणे जाईपर्यंत कोणीही खोकायचं नाही.

"ज्यांना खोकायचंय त्यांनी आत्ताच खोकून घ्या," असं अंगणात उभं राहून सांगताना त्यालाच ठसका लागला. बायकापोरांनी तोंडं फिरवून हसून घेतलं.

आत खाटेवर बसलेला त्याचा बाप, हाजी मुताशर, हसला नाही. हसणं आताशा त्याला झेपत नव्हतं. त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि पायाशी ते मशीन जेवून झोपलेल्या माणसासारखं घोरत होतं. हा तोच मुताशर, ज्याने तरुणपणी खजुराच्या शेंड्यावरून हाक मारली की शत्त नदीच्या पलीकडच्या काठावरची माणसं 'काय रे?' म्हणून विचारायची. एकदा तर मशिदीत बांग देणाऱ्यानेच तक्रार केली होती, की हा झाडावर असला की लोकांना माझं ऐकू येत नाही.

लफ्ता आत आला आणि मशीनची मूठ धरली. "बाबा, हे उचलतो."

"का? मागणी याला आलीय का?"

"बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची. करीम गेल्यापासून लोक बोलतायतच. या घरातलं रक्त खराब, छाती खराब. त्यात तुम्ही नळ्या लावून बसलात, तर शनावाची माणसं चपला न काढताच परत जातील."

"शनावाचं गाव काय स्वित्झर्लंडात आहे? त्याच्या डोक्यावरही ह्याच तीन मशाली आहेत."

मशाली म्हणजे कंपनीच्या विहिरींवर जळणारा गॅस. मुताशरचं गाव नहर जासिब आणि शनावाचं गाव यांच्या बरोबर मधोमध त्या बावीस वर्षं रात्रंदिवस पेटलेल्या होत्या. वाळत घातलेली चादर संध्याकाळी काजळी घेऊन घरात येई. पश्चिमेचा वारा सुटला की सडक्या अंड्यांचा वास सुटे, आणि ज्याच्या घरातलं कोणी कंपनीत नोकरीला असे त्याला तो कधीच येत नसे. मुताशरचा धाकटा मुलगा करीम दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या कर्करोगाने गेला. कशामुळे झाला, हे दवाखान्याने सांगितलं नाही आणि कंपनीला कोणी विचारलं नाही. त्याच करीमच्या मुलीला, दुहाला, आज शनावाच्या नातवासाठी, मुर्तझासाठी, मागणी येत होती.

"आणखी एक," लफ्ता मशीनची वायर गुंडाळत म्हणाला. "तुमच्या वतीने मीच बोलतो. तुम्ही नुसते बसा. दिसायला."

आता पोटातलं ओठावर आलं. लफ्ताच्या मुलाला, सज्जादला, कंपनीत पहारेकऱ्याची नोकरी हवी होती, आणि पहारेकरी पुरवायचं कंत्राट शनावाच्या पुतण्याकडे होतं. मागणीच्या बैठकीत पाहुण्यांचा म्होरक्या कॉफीचा पेला हातात घेतो आणि न पिता खाली ठेवतो. मागितलेलं मिळाल्याशिवाय तो उचलत नाही. पेला खाली असेपर्यंत मुलीकडच्यांनी हव्या त्या अटी घालाव्यात, समोरचा मान मोडून ऐकतो. कॉफी एकदा घशाखाली उतरली की सगळे आपापल्या उंटावर.

"मुलगी देतोय, तर एक नोकरी मागायला काय हरकत आहे?" लफ्ता म्हणाला.

"करीमच्या मुलीच्या बदल्यात तुझ्या पोराला त्याच धुरात उभं करायचंय? वा रे काका!" एवढं बोलून मुताशरला थांबावं लागलं. श्वास जमवून तो म्हणाला, "बोलणार मी. जिवंत आहे तोवर या घरची मुलगी मीच देणार. घाई असेल तर थोडा थांब. फार थांबावं लागणार नाही."

लफ्ताने त्याच्या नाकातली नळी काढून घेतली. मशीन त्याने बायकांच्या खोलीत नेलं आणि गाद्यांच्या चळतीमागे दडवलं.

मग दुहा चहा घेऊन आली. ती आरोग्य केंद्रात नर्स होती, वय चोवीस, आणि आजोबांशी बोलताना तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"आजोबा, ओठ निळे दिसतायत. निळा रंग तुम्हाला शोभत नाही."

"तुझ्या आजीला आवडायचा."

ती खाटेच्या कडेला बसली. "ऐका. मला मुर्तझा पसंत आहे. पण त्यांनी आमच्यासाठी गच्चीवर खोली बांधलीय, आणि तिची खिडकी थेट मशालींवर उघडते. मला तिथे राहायचं नाही. मुर्तझाच्या आईच्या वाट्याची जागा अबुल खसीबला आहे. लांब आहे, झाडं आहेत. मुर्तझा तयार आहे, पण आपल्या आजोबासमोर तोंड उघडायची त्याची हिंमत नाही."

"म्हणजे नवरा भित्रा निघाला."

"नवरा शहाणा आहे. तुम्ही पेला खाली असताना मागा. एकच अट. मला केंद्रात रोज पंधरा-वीस पोरं वाफ घ्यायला येतात आजोबा, सगळी या दोन गावांतली. माझंही त्यांतलं एक व्हावं, असं मला नको." तिने चहाचा कप त्याच्या हातात दिला. "बाबांना मी शेवटी उचलून बसवायचे. परत नाही करायचं मला ते."

मुताशरने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मागेन. आणि मिळवीन."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्हीही चला ना. तिकडे हवा बरी आहे."

"माझ्या बापाने चारशे खजूर लावलेत इथे."

"त्यातले अकरा उरलेत. समुद्राचं खारं पाणी नदीत वर चढलं आणि बाकीचे वाळले."

"अकरा म्हणजे अकरा."

बसऱ्याच्या डॉक्टरनेही हेच सांगितलं होतं. धूळ इतकी बारीक असते की छातीतून रक्तात उतरते, उकाडा हृदयावर बसतो, उन्हाळे लांबत चाललेत, वादळं वाढत चाललीत, तेव्हा हाजी, तुम्ही जागा बदला. मुताशर त्याला म्हणाला होता, मी पंच्याहत्तर वर्षं इथे आहे, उन्हाळा काल आलाय, त्याला सांगा जागा बदलायला.

दुहा आणखी वाद घालेल असं त्याला वाटलं होतं. ती गप्प उठली आणि फोन घेऊन अंगणात गेली. तेव्हाच त्याने सावध व्हायला हवं होतं.

साडेनऊला पश्चिमेकडून धूळ उठली. आभाळ आधी पिवळं झालं, मग संत्र्याच्या सालीसारखं, आणि मशालींच्या जागी नुसते तीन लाल डाग उरले. एखाद्या शहाण्या माणसाने फोन करून बैठक पुढे ढकलली असती. पण मागणीला निघालेली माणसं धुळीला भिऊन परत फिरली, असं गावाने म्हणावं? अकरा गाड्या दिवे लावून आल्या आणि चाळीस माणसं डोळे चोळत, डोक्याचे रुमाल नाकावर ओढत मदीफमध्ये शिरली. मदीफ म्हणजे अंगणापलीकडची पुरुषांची बैठक. शनावा सगळ्यांच्या पुढे होता, ऐंशीचा, काठी टेकत, दाढीत धूळ घेऊन.

बसल्यावर अंगावर कोसळली ती रीत. इकडे पाहुणा टेकला की यजमान त्याला 'अल्ला बिलखैर', म्हणजे अल्ला भलं करो, असं म्हणतो, आणि पाहुणाही यजमानाला म्हणतो. यजमान मोठा असेल, तर एकेकाकडे वळून, छातीवर हात ठेवून म्हणतो. मुताशरने उभ्या जन्मात कोणा पाहुण्याला गाळलं नव्हतं.

पहिले दहा झाले. पंधराव्याला आवाज बसला. विसाव्यानंतर तो नुसतेच ओठ हलवू लागला. लफ्ता कानाशी लागला, "बाबा, पुरे, सगळ्यांना मिळून एकदाच म्हणा." मुताशरने मान हलवली नाही. हट्टाला औषध नसतं, आणि असतं तर त्याने ते घेतलं नसतं. चाळिसावा पाहुणा मुर्तझाचा चुलत चुलत भाऊ होता, दाढीही न फुटलेला. त्यालाही मुताशरने हात छातीवर ठेवून अल्ला बिलखैर म्हटलं, आणि त्यातच त्याची छाती रिकामी झाली.

कॉफी फिरली. शनावाने पेला घेतला, समोर जमिनीवर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. "हाजी मुताशर... आम्ही तुझ्या दारी... आलोय... तुझ्या घरचा मोती..." तो प्रत्येक शब्दानंतर थांबत होता. त्याच्या माणसांना वाटलं, काय ही भारदस्त वाणी! मुताशरने मात्र त्या थांबण्यामागची बारीक शीळ ओळखली. ती तो रोज स्वतःच्या छातीत ऐकत होता.

"...आमच्या मुर्तझासाठी," शनावाने संपवलं आणि घाम पुसला.

आता सगळे मुताशरकडे बघू लागले.

त्याने तोंड उघडलं. शब्द तयार होते: पहिल्यांदा स्वागत, मग अट, मग होकार. पण त्यांना बाहेर ढकलायला वाराच नव्हता. बाहेर दारं वाजवायला वारा होता, आभाळभर माती उडवायला वारा होता, मुताशरकडे तेवढा नव्हता. घशातून बेडकासारखा एक आवाज निघाला. त्याने तोंड मिटलं.

मदीफमध्ये चुळबुळ सुरू झाली. मुलीच्या आजोबाने गप्प राहणं म्हणजे नकार, आणि चाळीस माणसांसमोर नकार म्हणजे पुढच्या तीन पिढ्यांचं वैर. कोपऱ्यातला मुर्तझा पांढरा पडला.

लफ्ताला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. तो गुडघ्यांवर पुढे सरकला. "हाजी शनावा, बाबांच्या वतीने मी..."

मुताशरची काठी जमिनीवर दाणकन आदळली. लफ्ता मागे झाला. पण काठीला बोलता येत नाही, आणि दुसऱ्यांदा आपटण्याइतका जोर हातात नव्हता. मुताशरच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्या अंधारीतही त्याला ती गच्चीवरची खोली दिसत होती, खिडकीशी उभी दुहा, तिच्या कडेवर वाफेला न्यायचं पोर. हे मागायचं राहिलं तर सगळंच राहिलं. त्याला रडू यायला लागलं आणि रडायलाही श्वास लागतो, हे त्याला पंच्याहत्तराव्या वर्षी कळलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि दुहा आत आली.

पुरुषांच्या बैठकीत बाईने यायचं नसतं. जिला मागणी आलीय तिने तर मुळीच नाही. ती आली, मशीन खडखडत ओढत, खांद्यावर लांब वायर. चाळीस माणसांनी नजरा जमिनीला लावल्या, आणि मग न राहवून वर केल्या.

"दुहा!" लफ्ता दातांतल्या दातांत म्हणाला. "अब्रू घालवलीस!"

"अब्रू नंतर शोधू, काका. आधी तो कूलर बंद करा. जनरेटरच्या लायनीवर दोन्ही एकदम चालत नाहीत."

बाहेर पारा एक्कावन्नवर होता. कोणीतरी मुकाट्याने कूलरची वायर काढली. तिने मशीन जोडलं, आजोबांच्या नाकात नळी बसवली, मनगट धरून उभी राहिली. मशीन घोरायला लागलं. माणसं घामाने निथळत होती.

शनावा कितीतरी वेळ त्या मशीनकडे बघत राहिला. भुकेलेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, तसा.

"पोरी," तो शेवटी म्हणाला, "याला दुसरी नळी... जोडता येते का?"

"येते, हाजी. पण तुमचा दम्याचा पंप कुठाय? गेल्याच आठवड्यात दिला मी."

शनावाने इकडेतिकडे पाहिलं, झग्याच्या आतल्या खिशातून निळा पंप काढला आणि उघड उघड दोनदा ओढला. त्याच्या शेजारच्याने ते पाहिलं आणि स्वतःचा काढला. मग पलीकडच्याने. ज्यांना मघापासून गुदमरत होतं त्या सगळ्यांनी खिसे चाचपले, आणि मदीफभर फुस्स फुस्स सुरू झालं. ताकाला येऊन भांडी लपवणारी ही माणसं, एकमेकांची भांडी बघून आधी ओशाळली आणि मग हसत सुटली. कॉफीवाल्यानेसुद्धा किटली खाली ठेवून आपला पंप काढला. एकट्या लफ्ताने काढला नाही. त्याचा अंगणापलीकडे घरात राहिला होता.

मुताशरच्या ओठांवर रंग आला. दुहाने हात सोडला आणि ती दाराशी जाऊन थांबली. बाहेर जा म्हणून कोणी तिला सांगितलं नाही.

"शनावा," मुताशर म्हणाला. आवाज जुना नव्हता, पण आवाज होता. "मुलगी तुझी. अट एक. ती मशालींखाली राहणार नाही. अबुल खसीबची जागा आहे, तिथे घर बांधून द्या."

"मी गच्चीवर खोली बांधलीय."

"तिथे कबुतरं ठेव."

शनावाने पंप हातात फिरवला. नातू डोळ्यांआड जाणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने मुर्तझाकडे पाहिलं. पोराने या खेपेला नजर चुकवली नाही.

"दिलं," शनावा म्हणाला. "खोलीची वीट न वीट तिकडे नेतो."

मदीफभर हुंकार उठला. मुताशरने मोठा सुस्कारा टाकला. "आता कॉफी पी. थंडगार झाली."

शनावाने पेल्याला हात लावला नाही.

"माझं मागणं संपलेलं नाही," तो म्हणाला. "पेला खाली आहे तोवर मी मागू शकतो. रीत आहे. मुलगी दिलीस. आता तू."

"मी काय?"

"तूही चल. तिच्याबरोबर. अबुल खसीबला खोल्या दोन बांधू."

मुताशरने दाराकडे पाहिलं. दुहा अगदी निरागस चेहऱ्याने छताकडे बघत होती. मुर्तझा आपली बोटं मोजत होता. सकाळचा तो अंगणातला फोन शनावालाच होता, हे मुताशरला आता समजलं. भामटी पोरगी! चाळीस माणसांसमोर पकडलंन.

"शनावा, माझे खजूर आहेत इथे."

"तुझे खजूर मेलेत, मुताशर. उरलेले अकरा तुला बघून लाजेने उभे आहेत. तू त्यांच्यावर चढायचास, आता ते तुझ्या मानगुटीवर चढलेत."

"नातीच्या सासरी राहायला जाऊ? मुलगा असताना? लोक काय म्हणतील लफ्ताला?"

सगळ्यांनी लफ्ताकडे पाहिलं. आता हा भडकणार, घराण्याचं नाव काढणार, असं मुताशरला वाटलं. खरं सांगायचं तर तशी त्याला आशाच होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला लफ्ताच्या आडमुठेपणाची गरज पडली होती.

लफ्ता गालिच्याकडे बघत बोलला. "जा, बाबा."

"काय?"

"मी रोज सकाळी तुमच्या दाराशी येतो. आत येत नाही. आधी फटीतून बघतो, छाती हलतेय का." त्याने गालिच्यातला एक दोरा ओढला. "दोन वर्षं झाली. करीमच्या वेळीही मीच बघायचो. एके दिवशी नव्हती हलत. लोकांना जे म्हणायचं ते म्हणू दे. तुम्ही जा."

 मुताशर आपल्या थोरल्याकडे बघत राहिला. हा आपल्याला दिसायला बसवतो, आपलं तोंड बंद करतो, म्हणून तो दोन वर्षं मनातून त्याच्यावर जळत होता. हा रोज त्या फटीशी उभा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हात पुढे केला आणि पन्नाशीच्या मुलाचं डोकं लहानपणी जसं दाबायचा तसं दाबलं.

"आणि सज्जाद?" त्याने हळूच विचारलं.

"त्यालाही नको तिथे," लफ्ता म्हणाला. "बघू दुसरं काही."

शनावा वाट बघत होता. पेल्यातल्या कॉफीवर धुळीची साय धरली होती. बाहेर ते अकरा खजूर कुठेतरी धुळीत उभे असतील, आणि मुताशरला ते या क्षणी फार दिसावेसे वाटले. दिसत नव्हते. दाराशी दुहा दिसत होती. तिने आता छताकडे बघणं सोडलं होतं, आणि तिचे डोळे वाहत होते.

"पी, शनावा," तो म्हणाला. "दोन्ही दिलं."

शनावाने पेला उचलला, धुळीसकट एका घोटात रिता केला. बायकांच्या खोलीतून आनंदाच्या किलकाऱ्या उठल्या. चाळीस माणसं एकदम उठून मिठ्या मारायला धावली, आणि सगळ्यांत जास्त मिठ्या नवऱ्या मुलाला नाही, मुताशरला पडल्या. नळी सांभाळत, डोळे पुसत त्याने नातीला खूण करून जवळ बोलावलं.

"येतो मी," तो तिच्या कानात म्हणाला. "पण माझ्या हातांना मेंदी लावायची नाही, सांगून ठेवतो."